हिरवा ठिपका

टोलेन्सचा अभिकर्मक एकदाच करून तपकिरी बाटलीत भरून ठेवला की पंधरवडाभर पुरतो, असं सुयोग खोत डबा खाता खाता सहज बोलून गेला, आणि पद्मजा कुंभोजेचा घास हातातच राहिला.

सुयोग काही आळशी नव्हता. जयसिंगपूरच्या त्या कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणारे दोघेच. पद्मजाची वीस वर्षं होऊन गेलेली, सुयोग नुकताच कुठे रुळलेला. बारावीच्या सराव प्रात्यक्षिकांची सगळी जबाबदारी त्याने आपणहून घेतली होती. आठवडाभर एकामागून एक तुकड्या येणार, प्रत्येक तुकडीला तो अभिकर्मक ताजा करून द्यायचा म्हणजे सकाळ त्यातच जायची. म्हणून त्याने शोधलं, सोपी वाट सापडली, आणि परवाच मोठी बाटली करून कपाटात ठेवलीही होती.

हे कुठे वाचलं, असं तिने विचारलं. त्याने डाव्या हाताने मोबाइल तिच्याकडे सरकवला. पानाच्या डोक्यावर हिरवा ठिपका होता. विश्वासांक शहाण्णव.

हा ठिपका निकषचा. निकष येण्याआधीचे दिवस पद्मजाला चांगले आठवत होते. यंत्रांनी लिहिलेल्या पानांचा तेव्हा असा पूर आला होता की मुलाने मोलॅरिटीची व्याख्या शोधली तर हजार पानं समोर यायची, आणि त्यातल्या निम्म्यांत लिटरच्या जागी किलोग्रॅम. त्या दिवसांत पद्मजा ‘रसायनवाट’ नावाचं एक पान चालवायची. इंटरनेटवर रसायनशास्त्राचं भरवशाचं काय आहे, ते स्वतः वाचून, जमेल तेवढं प्रयोगशाळेत करून बघून, मराठीत चार ओळींच्या शेऱ्यासह तिथे मांडायची. गडहिंग्लजपासून गडचिरोलीपर्यंतचे शिक्षक तिला शंका लिहून पाठवायचे.

मग पुण्यातल्या एका कंपनीने निकष आणला. निकषला खरं-खोटं कळत नव्हतं आणि कळतं असा त्याचा दावाही नव्हता. तो साक्षी मोजायचा. पानावरचं एकेक विधान सुटं करायचा, तेच विधान आणखी कुठे कुठे आहे, कोणत्या शब्दांत आहे, ते तपासायचा. शब्द तेच असले तर ती नक्कल, ती मोजायची नाही. शब्द वेगळे आणि अर्थ तोच असला तर ती स्वतंत्र साक्ष. साक्षी जितक्या जास्त तितका विश्वासांक वर. नव्वदच्या पुढे हिरवा ठिपका, बहुमताच्या विरोधात गेलात तर पिवळा, फारच विरोधात गेलात तर लाल. युक्ती साधी होती आणि लागू पडली. वर्ष-दोन वर्षांत लिटर आणि किलोग्रॅम आपापल्या जागी गेले. शिक्षकांनी सुटकेचा श्वास सोडला, पद्मजानेही सोडला. रसायनवाटेवर मग फारसं कोणी फिरकेना, आणि तिला त्याचं फार वाईटही वाटलं नाही.

पण हे विधान चूक होतं. चूक म्हणजे परीक्षेत एक गुण जाईल अशी चूक नव्हे.

टोलेन्सचा अभिकर्मक म्हणजे सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात अमोनिया घालून केलेलं पाण्यासारखं स्वच्छ द्रावण. त्यात अल्डिहाइड घालून परीक्षानळी कोमट पाण्यात धरली की काचेच्या आतून चांदीचा आरसा चढतो. मुलांचा हा सगळ्यात लाडका प्रयोग. मात्र हेच द्रावण नुसतं ठेवून दिलं, तर त्यातली चांदी अमोनियातल्या नायट्रोजनला धरून हळूहळू काळ्या रूपात खाली बसते. ती काळी पूड ओली असली तरी फुटते. बाटली हलवली, बूच फिरवलं, एवढं निमित्त तिला पुरतं. म्हणून अभिकर्मक लागेल तेवढाच करायचा, त्याच तासाला वापरायचा आणि उरलेल्यात लगेच सौम्य आम्ल घालून टाकून द्यायचा. पद्मजा विद्यापीठात असताना तिच्या पुढच्या वर्षाच्या एका मुलाने आदल्या आठवड्यातली बाटली उचलली होती. नंतर कितीतरी महिने तो डाव्या हाताने लिहायला शिकत होता.

तिने हे सगळं सुयोगला सांगितलं. त्याने डबा बाजूला ठेवून अदबीने ऐकून घेतलं. मग म्हणाला की ही भीती जुनी आहे, त्या पानावर तिचाही उल्लेख आहे. पूर्वीच्या रसायनांत अशुद्धी असायची म्हणून तसं व्हायचं, म्हणे. पद्मजाने मोबाइलवरचं पान खाली सरकवलं. खरंच, ‘प्रचलित गैरसमज’ या मथळ्याखाली तिचं म्हणणं जवळजवळ तिच्याच शब्दांत दिलं होतं.

घरी तिने चार्वीला बजावलं की त्या बाटलीला हात लावायचा नाही. चार्वी तिची मुलगी, बारावीला, त्याच कॉलेजात, सुयोगच्याच तुकडीत. तिने वहीतून डोकं वर केलं, मोबाइलवर दोनदा बोट फिरवलं आणि पदराला शाई लागलीय हे सांगावं तितक्या सहजपणे म्हणाली, “आई, तुझं पान पिवळं आहे.”

रसायनवाटेवर टोलेन्सबद्दल पद्मजाने पूर्वी लिहिलेलं टिपण तिने उघडलं होतं. विश्वासांक एकतीस.

पद्मजाचा नवरा भरतेश पंपदुरुस्तीच्या दुकानातून नुकताच येऊन हात धूत होता. प्रात्यक्षिकं खोत सरांकडे आहेत तर ते बघतील, घरात त्याचा वाद नको, असं त्याचं म्हणणं पडलं. 

दुसऱ्या दिवशी मोकळ्या तासाला पद्मजा शोधायला बसली. बाटलीत साठवा म्हणणारी चाळीसेक पानं निघाली. कोणी प्रश्नसंचवाले, कोणी खासगी क्लासवाले, कोणी पालकांसाठी लिहिणारे. भाषा प्रत्येकाची निराळी, ठिपका सगळ्यांचा हिरवा. वाचता वाचता तिला काहीतरी खुपू लागलं. प्रत्येक पानावर बाटली ‘पाऊण भरावी’ असं होतं. पाऊणच का? त्याला रसायनशास्त्रात काहीच कारण नव्हतं. पेपर तपासणाऱ्या माणसाला एक गोष्ट ठाऊक असते: बरोबर उत्तरावरून कॉपी पकडता येत नाही, कारण बरोबर उत्तर सगळ्यांचं सारखंच असतं. कॉपी पकडली जाते ती सारख्या चुकीवरून. चाळीस पोरांनी एकच विचित्र चूक केली असेल तर त्यांच्यापैकी एकानेच पेपर सोडवलेला असतो.

‘पाऊण’ शब्दाचं शेपूट धरून ती मागे मागे गेली. दोन दिवस गेले. शेवटी प्रयोगशाळा सहायकांसाठीच्या एका जुन्या मार्गदर्शिकेचं छायाचित्रित पान सापडलं. त्यात दोन परिच्छेद होते. पहिल्यात सिल्व्हर नायट्रेटचं साधं द्रावण तपकिरी बाटलीत पाऊण भरून पंधरवडाभर ठेवता येतं, असं लिहिलेलं. ते अगदी बरोबर होतं. दुसऱ्यात टोलेन्सचा अभिकर्मक त्याच तासाला वापरून नष्ट करावा, असं. सारांश करणाऱ्या कुठल्यातरी यंत्राने दोन्ही परिच्छेद एकत्र चेपले आणि पहिल्याचं शेपूट दुसऱ्याला चिकटवलं. दुसऱ्या यंत्राने तो सारांश वाचून आपल्या शब्दांत लिहिला, तिसऱ्याने दुसऱ्याचा. शब्द दर वेळी बदलत गेले, म्हणून निकषच्या लेखी प्रत्येक पान स्वतंत्र साक्षीदार ठरलं. एकच खोटा साक्षीदार वेष बदलून चाळीस वेळा कोर्टात उभा राहिला होता. आणि ज्या मार्गदर्शिकेतून हे सगळं निघालं, तिचं मूळ पान बहुमताविरुद्ध गेलं म्हणून पिवळं पडलं होतं.

पद्मजाने हे सगळं पुराव्यांसह निकषला लिहून पाठवलं. उत्तर तासाभरात आलं, यंत्राचं. आपला दावा उपलब्ध साक्षींशी विसंगत आहे, असं त्यात होतं. रसायनवाटेचा ठिपका लाल झाला आणि तशी सूचना कॉलेजच्या प्राचार्यांनाही गेली.

प्राचार्य मगदूम सरांनी तिला बोलावून घेतलं. माणूस भला होता. त्यांनी आधी चहा मागवला. पुढच्या महिन्यात तपासणी समिती येणार, त्यांनी आपल्या शिक्षिकेच्या नावावर लाल ठिपका पाहिला तर काय उत्तर द्यायचं, एवढाच त्यांचा प्रश्न होता. पद्मजा म्हणाली, पान मी काढते, पण ती बाटली आजच्या आज हलवायला हवी, तीही जाणकार माणसं बोलावून. सरांनी कपाळ चोळलं.

“मॅडम, मी कॉमर्सचा माणूस. तुम्ही दोघं रसायनवाले दोन गोष्टी सांगता. मी कुणाचं ऐकू? म्हणून मी ठिपका बघतो. तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?”

 पद्मजाला उत्तर सुचलं होतं, पण ते तिच्या बाजूचं नव्हतं. तिने तिथेच बसून रसायनवाटेवरचं टिपण काढून टाकलं. खोत सरांशी बोलतो, असं मगदूम सर म्हणाले. बहुधा बोलायचं राहून गेलं.

सराव प्रात्यक्षिकांच्या दिवशी ती स्वतःचा तास सोडून प्रयोगशाळेत गेली. मुलं ॲप्रन घालून आपापल्या जागी उभी होती, खिडकीजवळच्या टेबलाशी चार्वी. सुयोगने बाटली कपाटातून काढून पुढच्या टेबलावर ठेवली होती. तपकिरी काचेतूनही तळाशी आणि कडेने चढलेला काळा, चकचकीत पापुद्रा दिसत होता. पद्मजा काही बोलायच्या आत सुयोगने बाटली उचलली, उजेडासमोर धरली आणि थोडी हलवली. गाळ बसलाय, गाळून घेतला की झालं, असं तो म्हणाला.

“सुयोग, खाली ठेवा. हळू. बूच उघडू नका.”

तिचा आवाज चढला नव्हता. तरी त्यात असं काही होतं की सुयोगने बाटली आवाज न करता टेबलावर टेकवली. पद्मजाने मुलांना दप्तरं तिथेच सोडून बाहेर जायला सांगितलं. मुलं एकमेकांकडे बघत निघाली. चार्वी सर्वांत शेवटी आली, मान खाली घालून. दाराशी पोचल्यावर तिने आईकडे नुसतं बघितलं. त्या बघण्यात राग कमी आणि लाज जास्त होती. पद्मजाने दाराला कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली आणि प्राचार्यांना न विचारता पोलिसांना फोन केला.

कोल्हापूरहून बॉम्बशोधक पथक येईपर्यंत कॉलेजच्या फाटकाशी पालक जमले होते. कुंभोजे बाईंच्या डोक्यावर परिणाम झालाय, हिरवा ठिपका असलेल्या औषधाला बॉम्ब म्हणतात, अशी बातमी गावच्या ग्रुपवर पथकाच्या आधी पोचली होती. पथकातल्या माणसांनी फारसं काही विचारलं नाही. वाळूने भरलेल्या पेटीत ती बाटली ठेवून त्यांनी गावाबाहेरच्या बंद पडलेल्या वीटभट्टीवर नेली. रसायन काय आहे हे लिहून द्यायला कोणीतरी हवं म्हणून पद्मजा आणि सुयोग मागोमाग गेले. इतर सगळ्यांना अर्ध्या वाटेवर अडवलं.

खड्ड्यात बाटली ठेवून बुचाला बांधलेली दोरी लांबून ओढली. आवाज फार मोठा झाला नाही, सुतळी बॉम्बएवढा असेल. पण धूर विरल्यावर तिथे बाटली नव्हती. बाटलीचा तुकडा म्हणावा असंही काही नव्हतं. ओल्या मातीत साखर सांडल्यासारखी काच पसरली होती. सुयोग बराच वेळ तिकडे बघत राहिला, मग विटांच्या ढिगावर बसला आणि त्याने आपला उजवा तळहात समोर धरून उलटापालटा करून पाहिला.

“मी हलवली ती,” तो म्हणाला. “चार्वी समोरच होती.”

गावात परतेपर्यंत कॉलेजने पत्रक काढलं होतं की खबरदारी म्हणून एक जुनं रसायन नष्ट करण्यात आलं, घाबरण्याचं कारण नाही. आवाज कोणी ऐकला नव्हता. चार्वीने घरी दार लावून घेतलं होतं. तिच्या तुकडीचं प्रात्यक्षिक रद्द झालं होतं आणि वर्गाने तिचं नाव बॉम्बवाल्या बाईंची मुलगी असं पाडलं होतं. पद्मजाने बंद दारातून वीटभट्टीवर काय झालं ते सांगितलं. आतून इतकंच आलं की पोलिसांनी स्फोटक लावून कुठलीही बाटली उडवली तर ती फुटणारच. स्फोटक लावलं नव्हतं, नुसती दोरी होती, असं पद्मजा म्हणाली. पण ऐकणाऱ्याने मन बंद केलं की दारापाशी उभं राहून बोलण्यात काही अर्थ नसतो.

तिची खरी तळमळ वेगळीच होती. बोर्डाची प्रात्यक्षिकं आठवड्यावर आली होती. सुयोगसारखे कष्टाळू शिक्षक राज्यभर असणार, आणि त्यांच्या कपाटांतही तपकिरी बाटल्या असणार. ती आणि सुयोग फोन घेऊन बसले. ओळखीच्या कॉलेजांना, ओळखीच्यांच्या ओळखीच्या कॉलेजांना. पलीकडचा माणूस अदबीने ऐकायचा, मग एक क्षण शांतता, म्हणजे तो निकष बघतोय. मग त्याचा सूर बदलायचा. एका बाईंनी तेवढं स्पष्ट सांगितलं की तुमच्या नावापुढे लाल आहे, राग मानू नका.

खूप खटपटीनंतर निकषच्या कार्यालयातली एक जिवंत व्यक्ती फोनवर आली. अबोली राजाध्यक्ष. तिने सगळं नीट ऐकलं, मार्गदर्शिकेचं पान पाहिलं, वीटभट्टीचा पोलीस अहवाल वाचला, आणि तुमचं बरोबर आहे असं निःसंकोच म्हणाली. पण अंक हाताने बदलायची सोय निकषमध्ये मुद्दामच ठेवलेली नव्हती. ती ठेवली असती तर उद्या कोणी मंत्री, परवा कोणी औषध कंपनी येऊन ठिपके रंगवून मागेल. आक्षेप समितीपुढे जाईल, समिती महिन्याने बसेल. पद्मजाला नियम पटला, आणि पटला म्हणूनच तिची अस्वस्थता आणखी वाढली. फोन ठेवता ठेवता अबोली म्हणाली की स्वतंत्र साक्षी वाढल्या तर अंक अर्थात आपोआप हलतो.

 फोन बंद झाल्यावर सुयोगने लॅपटॉप ओढला.

लिहिणारं यंत्र त्याच्याकडे होतंच, सगळ्यांकडेच असतं. त्याने त्याला माणसं दिली. परभणीच्या निवृत्त शिक्षिका, रोह्याचा प्रयोगशाळा सहायक, नाशिकची एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, आपल्या मुलाच्या काळजीने लिहिणारे एक वडील. यांपैकी कोणीही जन्माला आलेलं नव्हतं. प्रत्येकाने आपापल्या भाषेत सांगितलं की टोलेन्सचा अभिकर्मक साठवू नका, आणि साठवला असेल तर बाटलीला हात न लावता खोली बंद करून जाणकारांना बोलवा. पद्मजाने एकेक पान वाचून दुरुस्त केलं. रसायनशास्त्रात एकही चूक राहू दिली नाही. वाक्यं सगळी खरी होती, माणसं तेवढी खोटी. शंभरावर पानं झाली तेव्हा ती थांबली. 

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हिरवी पानं पिवळी पडू लागली. संध्याकाळी साठवा म्हणणारी चाळीसही लाल झाली. मग फोन उलट दिशेने सुरू झाले. धाराशिवहून, यवतमाळहून, आणखी कुठून कुठून. बाटली आहे, तळ काळा झालाय, आता काय करू? पद्मजा प्रत्येकाला सांगत राहिली. किती बाटल्या होत्या ते तिने मोजलं नाही, मोजायची छातीच झाली नाही. प्रात्यक्षिकं पार पडली. कुठेही कोणालाही खरचटलं नाही, आणि काहीच झालं नाही म्हणून त्याची बातमीही झाली नाही.

प्रात्यक्षिकं संपल्यावर चार्वी स्वयंपाकघरात आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

“आई, सॉरी. तुझंच बरोबर होतं. हिरवं झालंय.”

पद्मजाने या क्षणाची वाट पाहिली होती. पण तो असा यायला नको होता. वीटभट्टीवर काच साखरेसारखी विखुरली होती ते मुलीला पुरलं नव्हतं. आईचा शब्द पुरला नव्हता. आता जे पुरलं होतं ते आईने स्वतःच्या हाताने रचलं होतं. गप्प राहणं सोपं होतं. गप्प राहिली तर घर पुन्हा पहिल्यासारखं झालं असतं. तिने गॅस बंद केला.

“ते हिरवं मी केलंय,” ती म्हणाली, आणि परभणीच्या बाईंपासून सगळं सांगितलं.

 सगळं ऐकून झाल्यावर चार्वी हळू आवाजात म्हणाली, “म्हणजे आधी ते खोटं होतं तेव्हा मी मानलं. आता खरं आहे तर तेही खोट्याच कारणासाठी मानलं. हेच कोणी दुसऱ्याने केलं तर?”

“केलंही असेल. मला कळणार नाही.”

चार्वी तिथून गेली आणि दोन-तीन दिवस कामापुरतंच बोलली. पद्मजाने अबोली राजाध्यक्षला पत्र लिहिलं. रचलेल्या प्रत्येक पानाचा पत्ता दिला, कसं रचलं ते दिलं, आणि निकषचं भोक नेमकं कुठे आहे ते दिलं: शब्द बदलले म्हणून साक्षीदार बदलत नाही. सुयोगचं नाव तिने घातलं नव्हतं. पत्र पाठवण्याआधी त्याने ते वाचायला मागितलं आणि खाली आपलं नाव स्वतः टाइप केलं.  हे कळल्यावर भरतेश म्हणाला की बाटली फुटली असती तर मी कोणाला जाब विचारला असता, तेच कळत नाहीये. तेवढंच.

निकषवाले प्रामाणिक निघाले, हे मान्य करायला हवं. त्यांनी ते भोक झाकलं नाही, मोजणीच बदलली. आता प्रत्येक विधानाचा उगम शोधला जाऊ लागला आणि एका उगमातून निघालेली हजार पानं मिळून एकच साक्ष धरली जाऊ लागली. पद्मजाची शंभर पानं पुसली गेली, त्यासोबत ती चाळीसही. नियमाप्रमाणे पद्मजा कुंभोजे आणि सुयोग खोत या नावांवर बनावट साक्षीचा लाल शिक्का बसला. मगदूम सरांनी तिला उन्हाळ्यापर्यंत रजा घ्यायला सुचवलं. सुचवताना त्यांनी या वेळीही चहा मागवला.

पण नव्या मोजणीचा खरा धक्का आठवड्याभराने कळला. वेष उतरवल्यावर साक्षीदार उरलेच किती? रसायनशास्त्रातल्या निम्म्याहून जास्त विधानांपुढे करडा ठिपका उमटला. साक्ष अपुरी. खोटं आहे असं नव्हे, खरं आहे असंही नव्हे. कोणीतरी कधीतरी एकदा करून पाहिलं, आणि पुढे सगळ्यांनी एकमेकांचं वाचलं, एवढाच त्याचा अर्थ. क्लासवाले संतापले, पालकांनी मोर्चे काढले. वर्षानुवर्षं बंद असलेल्या प्रयोगशाळांच्या किल्ल्या शोधायची वेळ काही कॉलेजांवर आली. प्रवेशपरीक्षेला सव्वा महिना उरला होता, आणि चार्वीच्या अभ्यासातलं पानन् पान करडं झालं होतं.

एका सकाळी ती मोबाइल घेऊन आईसमोर येऊन बसली. डोळ्यांवरून झोप झालेली दिसत नव्हती. तिने एक ओळ दाखवली. चुना गार पाण्यात जितका विरघळतो त्याहून गरम पाण्यात कमी विरघळतो. करडा ठिपका.

“हे खरं आहे?”

“हो,” पद्मजा म्हणाली. वीस वर्षं ती हे शिकवत होती. साखर-मिठाच्या उलट वागणारा चुना, मुलांना चक्रावून टाकणारं तिचं आवडतं उदाहरण.

“तू पाहिलंयस?”

पद्मजा उत्तर द्यायला गेली आणि थबकली. पुस्तकात आलेख होता, तो तिने फळ्यावर शेकडो वेळा काढला होता. तिच्या सरांनीही काढला होता. त्यांनी तरी पाहिलं होतं का? ती मनातल्या मनात आठवत मागे गेली. असं किती काय काय आपण शिकवलं, आणि त्यातलं या डोळ्यांनी किती पाहिलं, हा विचार एकदा सुरू झाला तो थांबेना.

“नाही,” ती म्हणाली. “पाहिलेलं नाही.”

चार्वी उठली. कोपऱ्यावरच्या पानपट्टीवरून चुना घेऊन आली. दोघींनी तो पातेलंभर पाण्यात कालवून झाकून ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी वर आलेली स्वच्छ निवळी फडक्यातून अलगद गाळून काचेच्या भांड्यात घेतली. भांडं पाण्याच्या पातेल्यात ठेवून खाली मंद आच लावली. भरतेश दुकानाला निघाला होता, तो चपला घालता घालता थांबला.

निवळी तापत गेली. बराच वेळ काही झालं नाही. मग भांड्याच्या कडेशी धुरकट काहीतरी हललं आणि बघता बघता सगळं पाणी दुधाळ झालं. पद्मजाच्या तोंडून आपसूक निघालं, बघ, विरघळलेला चुना बाहेर आला.

चार्वी भांड्याकडे टक लावून होती. “कशावरून? निवळीत फुंकर घातली तरी ती अशीच दुधाळ होते, हे तूच शिकवलंस. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने झालं नसेल कशावरून?”

पद्मजाने मुलीकडे पाहिलं. प्रश्न बिनतोड होता आणि तो कुठल्याच पानावरून आलेला नव्हता. विचार करून ती म्हणाली की हवेने झालं असेल तर गार झाल्यावरही दुधाळच राहील. उष्णतेने झालं असेल, तर गार होताना चुना पुन्हा विरघळायला हवा.

चार्वीने गॅस बंद केला, चिमट्याने भांडं उचलून ओट्यावर ठेवलं आणि वर ताटली झाकली. आता थांबायचं होतं. भरतेशने चपला काढल्या आणि आत येऊन स्टुलावर बसला. तिघेही त्या पांढऱ्या पाण्याकडे बघत राहिले. मध्येच चार्वीचा हात भांड्याला लागला, चटका बसला, तिने तो मागे घेतला आणि पुन्हा तिथेच उभी राहिली.